डब्यातल्या बंदुका

आमच्या दुकानात मेलेल्या बंदुका बिस्किटांच्या डब्यांत राहायच्या. हसू नका, खरंच सांगते. एखादी जुनी बंदूक दुरुस्तीपलीकडे गेली, नळीला तडा गेला, किंवा मालक वारला आणि घरच्यांना ती नकोशी झाली, की बाबा रीतसर कागद करायचे, नळी कापून सरकारजमा करायचे आणि तिच्या पोटातलं सामान एका डब्यात घालून फळीवर ठेवायचे. एक बंदूक, एक डबा. बिस्किटांचा, मलमाचा, पावडरीचा, हाताला लागेल तो. वर चिठ्ठी नाही, काही नाही. कुठल्या डब्यात कोण झोपलंय ते बाबांना माहीत असायचं, आणि पुढे मला.

लोकांना वाटतं सुटा भाग म्हणजे सुटा भाग. पंख्याचा कपॅसिटर गेला, दुसरा आणला, बसवला, विषय संपला. या बंदुकांचं तसं नसतं. ज्यांनी त्या बनवल्या त्यांनी एकेक तुकडा कानशीने घासून शेजारच्या तुकड्याला बसवलेला असतो, आणि नंतरच्या सगळ्या वर्षांत ते तुकडे एकमेकांवर घासून झिजलेले असतात. घोडा मागे ओढला की त्याला तिथेच धरून ठेवणारी एक पट्टी असते, बोटाच्या पेराएवढी. आम्ही तिला खिटी म्हणतो. चाप दाबला की खिटी सुटते, घोडा पडतो आणि बार उडतो. एका बंदुकीची खिटी दुसऱ्या बंदुकीच्या घोड्याला लावली तर ती बसेलही, छान टिक असा आवाजही करेल, पण घोड्याला धरून ठेवेल याची खात्री कुणी देऊ नये. ज्या कारखान्यांनी त्या केल्या ते कधीच बंद पडले. त्यामुळे भाग हवा असेल तर त्याच कारागिराच्या हातची दुसरी बंदूक शोधायची आणि तिच्यातली खिटी आणि घोडा जोडीनेच उचलायचे. अशा जोड्या आमच्या डब्यांत होत्या. लांबलांबची माणसं त्यासाठी आमच्याकडे यायची.

मी नवीन असताना एकदा एक स्क्रू चुकीच्या डब्यात टाकला होता. एक स्क्रू. बाबांनी सगळं काम थांबवून मला तो शोधायला लावला, आणि सापडल्यावरही आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मला त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं की चला, आपल्याला कामातलं माणूस समजतायत. अशी मी वेडी.

आमच्या घरात मला सगळे ताई म्हणतात. धाकटा भाऊ म्हणतो ते ठीक, पण आईबाबाही ताईच म्हणतात, गिऱ्हाईकंही. भावाला सगळे बाळ म्हणतात. बाळच्या डोक्यावर आता मोजायला केस नाहीत, पण तो बाळच. शिक्षण झाल्यावर तो लांबच्या शहरात गेला, एका मोठ्या गोदामात मालाची व्यवस्था बघायला. वर्षानुवर्षं आला नाही. फोन यायचा आणि फोन आला की आईचा दिवस चांगला जायचा. मी घरीच होते. लग्न झालं, मोडलं, परत आले, त्याची कथा वेगळी आणि कंटाळवाणी. परत आल्या दिवसापासून मी बाबांच्या शेजारी व्हाइसवर, लोखंड पकडायच्या शिकंज्यावर, उभी राहिले ती वीसेक वर्षं तिथेच.

आता महत्त्वाचं सांगते. या धंद्यात लायसन्स असतं आणि ते एका माणसाच्या नावावर असतं. बाकीचे त्याच्या हाताखालचे. लायसन्स नसलेल्या जागेत बंदुकीच्या पोटातला एवढासा तुकडा जरी घासला तरी तो गुन्हा. शिंप्याची नोकरी सुटली तर तो घरी मशीन टाकेल, सुताराची सुटली तर तो अंगणात रंधा मारेल. माझ्या हातातलं काम दुकानाच्या चार भिंतींबाहेर काडीच्या किमतीचं नव्हतं. आमचं लायसन्स बाबांच्या नावावर होतं आणि बाबा म्हातारे होत चालले होते. ते कुणाच्या नावावर जाणार, एवढाच माझ्या आयुष्यातला प्रश्न उरला होता. मी कधी विचारलं की बाबा म्हणायचे, "बघू."

मग बाबांच्या एका डोळ्यातला पडदा सुटला. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता काही आठवडे दिवसरात्र पालथं पडून राहायचं, तोंड खाली, नाहीतर पडदा चिकटणार नाही. आम्ही इस्पितळाजवळ खोली घेतली. बाबा पलंगावर पालथे, तोंड काठाबाहेर, आणि मी खाली फरशीवर बसून त्यांना भरवायची. आई घरी, तिचे गुडघे गेलेले. तेवढ्यात बाळचा फोन आला की गोदामात यंत्रं आली, त्याला घरी बसवलंय, तर तो येतोय आणि आम्ही परत येईपर्यंत दुकानाकडे बघेल. आई हरखून गेली. बाबांनाही आनंद झाला असणार, पण पालथ्या माणसाचा चेहरा कुठे दिसतो.

त्याच खोलीत एका दुपारी बाबा आपणहून म्हणाले, "ताई, घरी गेलो की पहिलं काम लायसन्सचं. तुझ्या नावावर करून टाकू. माझ्याच्याने आता बारीक काम होणार नाही."

मी फरशीवर बसून त्यांच्या तोंडाखाली कप धरला होता, तो तसाच धरून ठेवला. हात हलेल आणि चहा सांडेल याची भीती वाटली. इतकी मी खूश होते.

आम्ही परतलो तो दिवस. बाळ दुकानाच्या दाराशी उभा, अंगात धुतलेला शर्ट, आणि शटर अर्ध्यावर ओढलेलं. "बाबा, डोळे मिटा," म्हणाला. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला. मग शटर वर केलं.

आत पांढरे दिवे लागले होते. भिंतींना रंग. आणि जिथे डबे होते तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पारदर्शक प्लॅस्टिकच्या ट्रेंची रांग. प्रत्येक ट्रेवर छापील लेबल. एका ट्रेमध्ये सगळे घोडे. एकात सगळे चाप. एकात सगळ्या स्प्रिंगा. एकात सगळ्या खिट्या. सगळं लखलखीत.

"सगळं पॉलिशच्या ड्रममध्ये वाळूबरोबर घालून फिरवून घेतलं," बाळ सांगत होता. "काय गंज होता बाबा, काय काळं तेल. एकेक तुकडा हाताने पुसून लावलाय. आता कुठलीही वस्तू शोधायची तर मिनिट लागणार नाही. तुम्हाला डोळ्यांचा त्रास नको म्हणून मोठ्या अक्षरांत लेबलं केलीत."

"डबे?" मी विचारलं.

"ते गंजके डबे? भंगारात दिले, ताई."

मी एक घोडा उचलून उलटा करून बघितला. त्या तुकड्यांच्या आतल्या अंगाला कारागिरांनी केलेल्या खुणा होत्या, कुठे ठिपका, कुठे ओरखडा, त्यावरून तरी कोण कुणाचं ते लावता आलं असतं. ड्रमने त्या पुसून टाकल्या होत्या. आणि खिट्यांची टोकं, ज्यांच्या धारेवर सगळं चालतं, ती गोल होऊन गुळगुळीत झाली होती. फळीभर बंदुका होत्या आमच्याकडे. आता चकचकीत लोखंड होतं.

मी बाबांकडे बघितलं. ते ट्रेंच्या समोर उभे होते. त्यांनी खिट्यांच्या ट्रेमध्ये हात घातला, एक उचलली, अंगठ्याने तिचं टोक चाचपलं. म्हटलं, आता फुटणार. एका स्क्रूसाठी आठवडाभर तोंड फिरवणारा माणूस. मला बाळची कीवसुद्धा आली. बिचाऱ्याने मनापासून केलं होतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो लहान असताना दुकानात यायचा तो फक्त रिक्षाभाडं मागायला.

बाबांनी खिटी परत ट्रेमध्ये टाकली. "छान," म्हणाले. "उजेड छान आलाय."

घरी जेवताना आईचं चालूच होतं. "किती राबला पोरगा. हाताला फोड आले त्याच्या." बाळ हात लपवत होता आणि दाखवतही होता. जेवणं झाल्यावर तो बाहेर गेला तेव्हा मी बाबांसमोर जाऊन बसले.

"बाबा, तुम्हाला दिसलं ना?"

"दिसलं."

"सगळं गेलंय. एक जोडी उरली नाही."

"हातात घेतल्यावर कळलं मला. तू काय सांगतेस."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. "इतक्या वर्षांनी घरी आलाय तो," म्हणाले. "नोकरी गेलेली. आल्या आल्या त्याला सांगू, की बाबा रे, तू माझा जन्म ड्रममध्ये घालून फिरवलास? ऐकून थांबेल तो? उद्या सकाळी बॅग भरेल. तुझी आई मरेल."

"आणि मला जे बोलत आलात ते? एका स्क्रूसाठी?"

"तुझं वेगळं," बाबा म्हणाले. "तू कुठे जाणार आहेस?"

आई आतून म्हणाली, "ती काय, आहेच."

हे त्यांनी वाईट मनाने म्हटलं नव्हतं, हेच तर वाईट. कोपऱ्यातल्या कपाटाबद्दल बोलावं तसं सहज म्हणाले दोघं. मी ताटं उचलली आणि आत गेले, कारण ताटं उचलायची होती.

लायसन्सचं तुम्हाला कळलंच असेल. बाळला पाय रोवायला काहीतरी हवं. पुरुषमाणूस रिकामा बसला तर वाया जातो. कचेरीतही पुरुषाचं नाव असलं की पटापट होतं. अशी कारणं बाबांनी एकामागून एक दिली. मी म्हटलं, "इस्पितळात काय बोलला होतात?" तर म्हणाले, "तेव्हा तो येऊन राहील हे कुठे माहीत होतं? आणि नावात काय आहे, काम तर तूच करणार आहेस." तपासणीला आलेले साहेब ट्रे बघून खूश. म्हणाले, आजवर इतकं व्यवस्थित दुकान बघितलं नाही. बाळने त्यांना लेबलं वाचून दाखवली. अर्जावर एका साक्षीदाराची सही लागत होती. ती माझी आहे.

लायसन्स बाळच्या नावावर झालं आणि थोड्याच दिवसांत बागवाले आले.

बागवाले म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. डोंगरउतारावर त्यांची फळबाग आहे आणि रानडुकरं येऊन मुळं उकरतात. त्यांना पळवून लावायला सासऱ्यांची दुनळी बंदूक घेऊन ते फिरतात. तिची डावी खिटी झिजली होती. ऑपरेशनच्या आधीच बंदूक आमच्याकडे टाकून गेले होते, आणि बाबांनी त्यांना सांगितलं होतं की हिची सख्खी बहीण आपल्याकडे डब्यात आहे, जोडी काढून बसवून देतो.

"काय मग, बहीण भेटली का?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

बाबा खुर्चीत होते. बाळ टेबलाशी. मी व्हाइसवर, हातात कानस. बाबांनी घसा खाकरला.

"होती हो," म्हणाले. "पण मध्यंतरी आवराआवरीत थोडी मिसळामिसळ झाली. ताईच्या हातून."

बागवाले माझ्याकडे बघून हसले. "होतं असं," म्हणाले. "बायकांना आवरायची हौस असते."

मी बाळकडे बघितलं. तो खाली मान घालून लेबलाचा कोपरा नखाने खरवडत होता. त्याला तेव्हा कळलं होतं, मला दिसलं त्याच्या मानेवरून. एक वाक्य बोलायचं होतं त्याला, "काका, मी आवरलं." बोलला नाही. बाबांनी बागवाल्यांना दोन दिवसांनी यायला सांगितलं.

ते गेल्यावर बाळ म्हणाला, "ताई, सॉरी. पण मला कुणी सांगितलंच नाही की ते डबे तसेच ठेवायचे असतात."

"विचारलंस?"

"फोनवर विचारलं होतं की दुकान आवरू का, आई म्हणाली आवर."

खरं होतं. आईला काय माहीत. मी त्याच्यावर ओरडावं असं काही सापडेना, आणि त्यानेच जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी त्याने मनावर घेतलं. लायसन्स त्याचं, तर काम त्याने करायचं. खिट्यांचा ट्रे पुढ्यात ओढला आणि एकेक लावून बघायला लागला. ही लांब, ही आखूड, ही अडकते. दुपारपर्यंत एक बसली. घोडा मागे ओढला, टिक, घोडा थांबला. चाप दाबला, घोडा पडला. परत ओढला, टिक. बाळचा चेहरा उजळला. "बाबा, झालं बघा. म्हणजे सिस्टीम चालते."

बाबांनी बंदूक हातात घेतली, घोडा ओढून बघितला, मान हलवली.

आमच्याकडे एक पद्धत होती. बंदूक दुकानाबाहेर जायच्या आधी रिकाम्या बंदुकीचा घोडा चढवायचा, जमिनीवर घडी करून पोतं टाकायचं आणि त्यावर बंदुकीचा लाकडी दस्ता आपटायचा. जोरात नाही, माणूस उतारावर घसरला तर जेवढा बसेल तेवढा धक्का. घोडा जागचा हलता कामा नये. बाबांनी ही आपटणी केल्याशिवाय एकही बंदूक कधी दिली नव्हती. त्या दिवशी ते पोतं मागत नाहीत असं बघून मीच टाकलं. दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, डावा घोडा चढवला आणि दस्ता आपटला.

घोडा पडला.

तो आवाज दुकानात सगळ्यांनी ऐकला. मी परत चढवला, परत आपटला. परत पडला.

"एवढी आपटतं कोण बंदूक?" बाळ म्हणाला.

"डोंगरात फिरतात ते. रात्री पुढे त्यांची सून चालते विजेरी घेऊन," मी म्हटलं. "बाबा, सांगा त्याला."

बाबांनी डोळे चोळले, चोळायचे नव्हते तरी. मग म्हणाले, "बागवाल्यांना सांगू, जरा जपून वापरा म्हणून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. याच माणसाने एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याला बंदूक न देता दारातून परत पाठवलं होतं, का तर घोडा आपटणीत केसभर सरकला होता. माझ्या मनात त्या माणसाबद्दल जे काही होतं ते सगळं त्याच एका गोष्टीवर उभं होतं. लायसन्स गेलं ते मी गिळलं होतं. हे मला गिळता येईना.

"बाबा, हे तुम्ही बोलताय?"

"मग काय करू?" बाबा पहिल्यांदा चिडले, आणि माझ्यावर. "नवीन खिटी करायला मला आता दिसत नाही. त्याला येत नाही."

"मला येते."

"मग कर की. अडवलंय कुणी तुला?"

कुणीच अडवलं नव्हतं, तेही खरंच. मी गप्प बसले असते तर चूक बाळची ठरली असती, नाव बाळचं बुडालं असतं आणि कदाचित बाबांचे डोळे उघडले असते. पण ते सगळं कधी, तर त्या उतारावर त्या सुनेच्या पाठीत छर्रे गेल्यावर. माझ्याने ते होण्यासारखं नव्हतं. बाबांनाही ते माहीत होतं. माझ्या भरवशावरच तर ते इतके ढिले झाले होते.

मी पोलादाचा तुकडा काढला आणि बसले. आकार कापला, ढोबळ घासला. मग दिव्याच्या काजळीवर धरून काळा करायचा, जागेवर बसवायचा, घोडा चढवायचा, मग तुकडा काढून बघायचा. जिथे काजळी पुसली गेली तिथे तो टेकतोय, तेवढंच घासायचं. परत काजळी, परत बसवणं, परत काढणं. यात घाई करता येत नाही, रागातही करता येत नाही, आणि मी इतकी चिडलेली होते की मला मधेमधे उठून दारात उभं राहावं लागत होतं. बाळ थोडा वेळ बघत बसला, मग त्याला फोन आला आणि तो बाहेर गेला. टोकाची धार मनासारखी आली तेव्हा तुकडा लाल तापवला, तेलात बुडवून पाणी दिलं, म्हणजे कडक केला, पुसून परत मंद आचेवर निळसर रंग येईपर्यंत धरला. बसवला. पोतं टाकलं आणि आपटलं. घोडा हलला नाही. मी जरुरीपेक्षा जास्त वेळा आपटलं, दस्त्याचा आवाज बाबांना ऐकू जावा म्हणून.

बागवाले आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी घोडा ओढून बघितला आणि खूश झाले. "म्हणजे सापडली शेवटी बहीण."

"बाळने शोधून काढली," बाबा म्हणाले. "सगळा ट्रे पालथा घातला पोराने."

"वा. नाव राखणार तुमचं," बागवाले म्हणाले आणि बाळच्या पाठीवर थाप मारली. बाळ हसला. या वेळी त्याने लेबलही खरवडलं नाही. माणसाला सवय फार लवकर लागते.

बाळ त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. दुकानात आम्ही दोघंच. बाबांनी विचारलं, "जुन्या कानशीचं पोलाद वापरलंस ना?"

"हो."

"वाटलंच. आवाज चांगला येत होता." एवढं बोलून ते थांबले. मी वाट बघत होते. काय खोटं बोलू, मी वाट बघत होते, चार शब्दांची. बाबा दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "ताई, त्याला शिकव आता. पण जरा सांभाळून. तू शिकवतेयस असं त्याला वाटू देऊ नकोस. त्याचं मन मोडेल."

मी कानस जागेवर ठेवली. हात धुतले. तेल जायला वेळ लागतो, साबण दोनदा लावला.

"मी उद्यापासून येणार नाही," मी म्हटलं.

बाबांना आधी ते कळलंच नाही. मग म्हणाले, "रागावलीस?"

"हो. खूप रागावलेय. पण राग जाईल तेव्हाही येणार नाही."

"आणि करणार काय? दुसरं येतंय काय तुला?"

घरी आईने तीन दिवस रडून घेतलं. मी भावाचा मत्सर करते असं ती म्हणाली. करते म्हटलं. बाळ म्हणाला, "ताई, तू म्हणशील तसं करू, पण ये." मी म्हटलं, "लायसन्स माझ्या नावावर कर." तो म्हणाला, "बाबांना विचारतो." विचारलं असेल, नसेल. मला परत कुणी काही बोललं नाही.

मी आता शिलाई मशिनी दुरुस्त करते. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका बाईंचं दुकान आहे, सगळे त्यांना मशीनवाल्या मावशी म्हणतात. त्यांना हातात कसब असलेली माणसं हवी होती. मशीन सोपी असते. सुई, शटल, पट्टा, सगळे भाग डबाभर मिळतात आणि कुठलाही कुठेही बसतो. तुटला की नवा लावायचा, हिला विचारायचं नाही, तिला विचारायचं नाही. पहिले काही महिने मला सवयीने प्रत्येक भाग काजळीवर धरावासा वाटायचा. मावशी हसायच्या. म्हणायच्या, "अगं, धागा ओवायचाय, लग्न नाही लावायचं." माणूस म्हणून त्या चांगल्या आहेत. पगारही बरा आहे. हे काम मला आवडत नाही, आणि ते मी कुणाला सांगत नाही.

परवा दुपारी बाबा आले. मला न कळवता, एकटे, भिंतीला हात लावत लावत. गल्ली अरुंद आहे, त्यांना एका डोळ्याने नीट अंदाज येत नाही. काउंटरशी उभे राहिले आणि इकडेतिकडे बघून खिशातून रुमाल काढला. रुमालात खिटी होती. कोऱ्या पोलादाची, हाताने केलेली. बाळने केली असणार. अगदीच वाईट नव्हती.

"धरत नाहीये," बाबा म्हणाले. "आठ दिवस झाले झटतोय तो. गिऱ्हाईक उद्या येणार. तू एकदा हात फिरव. तुझ्याकडे कानस असेलच."

मी ती हातात घेतली. टोकाची बाजू डावीकडे जरा जास्त उतरली होती, म्हणून ती घोड्याच्या खाचेत पूर्ण बसत नव्हती. बघताक्षणी दिसलं. कानशीचे दोन हात मारले असते तर झालं असतं, आणि माझी बोटं तसं करायला निघालीही होती. मी खिटी रुमालावर ठेवली आणि हात काउंटरखाली घेतले.

"बाबा, हे काम इथे करता येत नाही," मी म्हटलं. "त्याला लायसन्स लागतं. माझ्याकडे नाही."

"इथे कोण बघतंय?"

"कुणी नाही."

"मग?"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना स्पष्ट दिसत नव्हतं म्हणून ते पुढे वाकले, अगदी जवळ, आणि तरी बघत राहिले. मग त्यांनी रुमालाची घडी घातली. घडी नीट जमेना तर मी घालून दिली. चहा घेणार का विचारलं, नको म्हणाले. पायरीवर थोडे थांबले, पाऊल चाचपलं आणि भिंतीला हात लावून निघाले.

मशीनवाल्या मावशी आतून आल्या. "कोण गं ते म्हातारे?"

"गिऱ्हाईक होतं," मी म्हटलं. "आपल्याकडचं काम नव्हतं."